निंबाभाऊंनी केलेली माझी नाताळची ड्यूटी

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. वीज खात्यात लाईनमन झाल्यापासून मी दिवाळी घरी बसून कधी पाहिलीच नव्हती. पाहिली ती शिडीवरून. लक्ष्मीपूजनाला जळगावच्या पेढ्यांवर विजेच्या माळा लागायच्या, एकाच तारेवर दहा जणांचा भार यायचा, फ्यूज उडायचा आणि मी वर चढलेला असताना खालून शेठ ओरडायचे, "शामराव, मुहूर्त चाललाय! लक्ष्मी अंधारात कशी येईल?"

माझं नाव शमुवेल. ऑफिसात ते पहिल्याच आठवड्यात शामराव झालं.

दिवाळी माझ्या वाट्याला यायची, कारण आमच्या गँगमध्ये मी एकटा ख्रिस्ती. सणाच्या ड्यूट्या आम्ही आपसात बदलून घ्यायचो. दिवाळी, पोळा आणि खान्देशातला सगळ्यात मोठा सण म्हणजे आखाजी, या दिवशी मी कामावर. नाताळला माझ्या जागी दुसरं कोणीतरी. साहेबांच्या फळ्यावर नाव ज्याचं त्याचंच राहायचं. बदल तोंडी व्हायचा आणि तो कधी कोणी मोडला नाही.

माझी जोडी निंबाभाऊंशी होती. निंबाभाऊ एरंडोलकडच्या एका खेड्यातले, माझ्याहून वयानं आणि नोकरीनं मोठे. बोलणं सगळं अहिराणी, साहेबांशीसुद्धा. मला खांबावर चढायला त्यांनीच शिकवलं. सुरुवातीला मी उतरताना फार घाबरायचो, तेव्हा ते खाली उभे राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "तुले चढता येस, उतरता येत नै. मांजरनं पिल्लू शे तू!"

बाहेरच्या माणसाला वाटतं, खांबावर चढणं हेच लाईनमनचं अवघड काम. खरं अवघड काम म्हणजे खाली उभं राहून वाट पाहणं. तार जिवंत असो की मेलेली, दिसायला सारखीच दिसते. म्हणून आधी 'लाईन क्लिअर' घ्यायची. सबस्टेशनमध्ये बसलेला माणूस फोनवर सांगतो, मी लाईन बंद केली आहे आणि तू स्वतः सांगेपर्यंत सुरू करणार नाही. तो माणूस तुम्हाला दिसत नाही, त्यानं बंद केलेला स्विच दिसत नाही. त्याच्या शब्दावर हात पुढे करायचा. त्याशिवाय गावाजवळच्या खांबावर आणखी एक स्विच असतो. खालचा दांडा ओढला की वर तीन तारांची तीन पाती उघडतात. ती उघडलेली डोळ्यांनी पाहायची, दांड्याला कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. मग तारांवर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाईल. एवढं झाल्यावर तारेला हात लावायचा.

या कामात माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एरंडोलला एक जैन शेठजी होते. दुकानात दिवा हवा होता, स्वयंपाकघरात नको. सूर्य मावळायच्या आत त्यांची जेवणं होत, आणि दिव्यावर किडे येऊन मरतात हे पाप नको, असं त्यांचं म्हणणं. मी वायरिंग करत असताना ते खुर्ची टाकून बसले.

"शामराव, किडे येणार नाहीत असा एखादा दिवा नाही का निघाला?"

"शेठजी, दिवा खात्याचा, किडे देवाचे. माझ्या हातात फक्त वायर आहे."

"मग तुमच्या देवाला सांगून बघा. तुम्ही दर रविवारी जाता ना त्याच्याकडे?"

आतून त्यांच्या सूनबाईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, किड्यांचं सांगता तसं आमच्या डोळ्यांचंही सांगा. पहाटे चुलीपुढे काही दिसत नाही." शेठजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं, स्वयंपाकघरातही एक पॉइंट काढून ठेवा. बल्ब नंतर बघू." पुढे कधीतरी त्या वाटेनं गेलो तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात उजेड होता.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण निंबाभाऊंचं सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीबद्दल खरं काही सांगितलं असं होणार नाही.

त्या वर्षी ठरल्याप्रमाणे दिवाळी मी केली होती आणि नाताळची ड्यूटी निंबाभाऊंकडे होती. सकाळी मी, आई आणि बायको उपासनेला गेलो. थंडी कडाक्याची होती, गिरणाकाठच्या गावांवर दाट धुकं होतं. उपासना संपून आम्ही चर्चच्या ओट्यावर चहा घेत होतो, तेवढ्यात ऑफिसचा शिपाई सायकलवरून आला. तो सरळ माझ्या आईकडे गेला. मी खांबाआड उभा होतो, त्याला दिसलो नाही. हात जोडून तो आईला म्हणाला, "मावशी, धीर धरा. शामराव लाईनवर चिकटले."

आईच्या हातातली कपबशी खाली पडली. मी पुढे झालो. शिपायानं मला पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. फळ्यावर नाव माझं होतं, लाईनवरचा माणूस भाजला एवढाच निरोप फोनवर आला होता. त्यानं दोन्ही जोडून घेतलं होतं.

आईनं मला घट्ट धरलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं देवाचे आभार मानले. मीही मानले. आज ते लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "देवा, तुझी स्तुती असो" हा. त्यानंतर मला आठवलं की मी इथं आहे म्हणजे तिथं कोण आहे.

झालं होतं ते असं. एका खांबावरची तार तुटून पंपांची वीज गेली होती. निंबाभाऊंनी लाईन क्लिअर घेतली; पण त्या स्विचच्या पलीकडे दुसऱ्या सबस्टेशनची वीज होती, म्हणून दांडा ओढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. वर दोन पाती उघडली, तिसरं अडकून राहिलं. धुक्यात ते दिसलं नाही. साखळी टाकण्यासाठी ते वर सरकले आणि उजवा हात तारेजवळ गेला. चौकशीत पुढे कोणाचाच दोष निघाला नाही. मला मात्र वाटत राहिलं की तो स्विच माझ्या सवयीचा होता. दांडा किती जड लागतो त्यावरून मला कदाचित कळलं असतं. कदाचित नसतंही. या 'कदाचित'नं मला पुढे पुष्कळ दिवस झोपू दिलं नाही.

निंबाभाऊंना जळगावच्या सरकारी दवाखान्यात आणलं. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. ताप उतरेना, आणि जीव राहील की नाही हे डॉक्टरही सांगेनात. त्यांची बायको मंजुळावहिनी गावाहून आली. जळगावात त्यांचं कोणी नव्हतं, म्हणून आईनं तिला मेहरूणला आमच्या घरी ठेवून घेतलं. तिला न्हाऊ घालणं, जेवायला बसवणं, दवाखान्यात पोचवणं, सगळं आईच करायची. दोघी रात्री एका पांघरुणात झोपत.

आणि तरीही आमच्या हातून ती गोष्ट घडली.

आमच्या समाजात एखादा माणूस संकटातून वाचला की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवायची रीत आहे. मंडळी जमतात, गीतं म्हणतात, ज्याला वाचवलं त्याच्यासाठी देवाचे आभार मानतात, मग चहा-पोहे होतात. मी वाचलो म्हणून सभा ठेवीन, असं आई त्या ओट्यावरच मनात बोलून बसली होती. तिनं पुढच्या रविवारी दुपारी मंडळींना बोलावलं. मला ते बरं वाटत नव्हतं, पण आईला नाही म्हणायचा धीर झाला नाही. वहिनी त्या वेळी दवाखान्यात असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सभा सुरू झाली. आमचे पाळकसाहेब म्हातारे होते, मूळचे धुळ्याकडचे, मनानं फार कोवळे. त्यांनी प्रार्थना केली ती मनापासूनच. "प्रभू, तू आमच्या शमुवेलला त्या खांबापासून दूर ठेवलंस. तू त्याला तुझ्या घरात आणून बसवलंस. त्या घडीला तो तिथं नव्हता, ही तुझी करुणा." सगळे आमेन म्हणाले.

डोळे उघडले तर स्वयंपाकघराच्या दारात मंजुळावहिनी उभी होती. डबा न्यायला ती मागच्या दारानं आली होती. डबा तिच्या हातातच होता. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "शामूभाऊ, तुमना देवनी तुमले वाचाडं, चांगलं झायं. पण मन्हा मालक त्या देवना कोनीच लागस नै का?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमीन दुभंगावी. वहिनीनं विचारलं तेच मी रोज स्वतःला विचारत होतो. फक्त मी ते मोठ्यानं विचारलं नव्हतं.

पाळकसाहेब उठले. मला वाटलं, ते आता काहीतरी समजावतील. देवाची इच्छा, देवाची योजना, असलं काहीतरी. तसं काही ते बोलले नाहीत. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लागतात, बाई. आमचंच चुकलं. आम्ही अर्धीच प्रार्थना केली. तुम्हाला आत्ता काय हवंय ते सांगा."

वहिनी जरा गोंधळली. मग म्हणाली, "माले काय नको. पण ते मन्हा हातघाई जेवतस नै. बठ्ठा वार्ड दखस, त्यासले लाज वाटस. कोनी गडीमानूस जेवाडी तं बरं व्हई."

निंबाभाऊंसारख्या माणसाला भरल्या वॉर्डात बायकोनं घास भरवावा, हे त्यांना सहन होत नव्हतं. म्हणून तापात ते उपाशी राहत होते. डॉक्टरांना वाटत होतं, अन्न जात नाही.

पाळकसाहेबांनी तिच्या हातून डबा घेतला. मंडळींना म्हणाले, "सभा संपली नाही. तिची जागा बदलली." आणि त्याच पावली दवाखान्यात गेले. त्या दिवशी चहा-पोहे कोणी घेतले नाहीत.

तिथं काय झालं ते मी दारातून पाहिलं. पाळकसाहेब खाटेशेजारी बसले, वरणभात कालवला आणि घास पुढे केला. निंबाभाऊंनी तापलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोन?"

"शमुवेलच्या चर्चचा पाळक."

"हाऊ वरणभात आजारी मानूसना शे. माले भरीत आना. भरीत खायं म्हनजे तुमना देवना इचार करसू."

"डॉक्टर मिरची देऊ देत नाहीत, निंबाभाऊ."

"मंग डॉक्टरना देव येगळा दिसस," असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. अपघातानंतर पोटभर असं ते पहिलं जेवण.

त्या दिवसापासून मंडळींतल्या पुरुषांनी पाळी लावली. शाळेतले एक मास्तर यायचे, रेल्वेतले एक फिटर यायचे, पाळकसाहेब तर यायचेच. मी सगळ्यांत शेवटी गेलो. लाज वाटत होती. चर्चलाही मी जायचो, पण मागे भिंतीला टेकून उभा राहायचो. गीत सुरू झालं की तोंड उघडायचं नाही. घरी गुडघे टेकले की पुढे शब्द सुचत नव्हते. ज्या तोंडानं मी तेव्हा आभार मानले त्याच तोंडानं आता काय मागू, असं वाटायचं. पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्रार्थना येत नसेल तर डबा घेऊन जा. तोही पोचतो." आणि पुढे म्हणाले, "प्रभूनं शिकवलेली प्रार्थना एकट्यापुरती नाही, शमुवेल. तू एकट्यापुरती करायला बघतोस, म्हणून ती अडते."

मी डबा घेऊन गेलो. निंबाभाऊंचा ताप तोवर उतरत होता. दोन घास खाल्ल्यावर ते म्हणाले, "इतका मोठा घास? म्हैसले चारा घाली ऱ्हायना का?" मला हसता आलं नाही. मी ताटली खाली ठेवली आणि म्हणालो, "निंबाभाऊ, ती ड्यूटी माझी होती."

"मंग?"

"तो हात माझा जायचा होता."

त्यांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "दिवाळीले मन्ही ड्यूटी कोनी करी? तू करी. तवय तू पडता तं मी काय करतू? खायेल करंज्या थुकी देतू का?" मी मान खाली घातली. त्यांनी डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थापटलं. "ती तार तुन्ही बी नै नि मन्ही बी नै. धुकं व्हतं, शामू. उचल ताटली. भूक लागनी."

त्या रात्री मी गुडघे टेकले. काही मोठं मागितलं नाही. निंबाभाऊंचं नाव घेतलं, वहिनीचं घेतलं, आईचं घेतलं, शेवटी माझंही घेतलं. पुष्कळ दिवसांनी छातीवरचं ओझं थोडं सरकलं. पूर्ण उतरलं असं म्हणणार नाही. पण ते उचलून चालता येईल एवढं बळ आलं, आणि ते माझं नव्हतं हे मला तेव्हा कळलं आणि आजही कळतं. खांबावर पहिल्यांदा पुन्हा चढलो तेव्हा प्रत्येक पायरीला मी तीच नावं घेत गेलो. वर पोचलो, काम केलं, उतरलो.

निंबाभाऊ वाचले. खात्यानं त्यांना सबस्टेशनमध्ये फोनवर बसवलं. पुढे ऑपरेटर कमी पडले म्हणून काही महिने मलाही तिथंच पाळीवर घातलं. निंबाभाऊ लाईन क्लिअर द्यायचे तशी मी दुसऱ्या कोणाला देताना पाहिलं नाही. समोरच्या लाईनमनला ते फोनवरच उभं-आडवं घ्यायचे. "पहिलं पातं उघडं शे का? डोयाघाई दखं का? दुसरं? तिसरं सांग. अंदाजे नको सांगू, जाईसन दखी ये." लाईनमन चिडायचे. "निंबाभाऊ लाईन देत नाहीत, परीक्षा घेतात," असं म्हणायचे. पण त्यांच्या पाळीत चढलेला प्रत्येक माणूस धडधाकट उतरला. मोठमोठे इंजिनियर आले तरी त्यांचा नियम बदलला नाही.

दिवाळी आली. ती मी केली. नाताळ जवळ आला तेव्हा फळ्यावर माझं नाव लागलं, आणि मी मनाशी ठरवलं की या वर्षी ड्यूटीची अदलाबदल मागायची नाही. यापुढे कधीच मागायची नाही. माझ्या उपासनेसाठी दुसऱ्या माणसाला माझ्या जागी बसवायचं, हे पुन्हा माझ्यानं होणार नव्हतं. आईला तसं सांगितलं. नाताळच्या सकाळी मी सबस्टेशनला जाऊन खुर्चीवर बसलो.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. निंबाभाऊ आले होते. अंगात धुतलेला सदरा, एक बाही दुमडून टाचलेली, काखेत भाकरीचं फडकं.

"तू आठे काय करी ऱ्हायना?"

"माझी ड्यूटी आहे, निंबाभाऊ."

"दिवाळी कोनी करी?"

"मी केली."

"मंग नाताळ कोना?"

मी खुर्चीवरून हललो नाही. माझ्या मनात काय आहे ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी कधी इतका रागावलेला पाहिला नव्हता. "तू दिवाळी बी करी, नि नाताळ बी तूच करशी, तं मन्हाकडे काय ऱ्हायनं? माले लुला समजी ऱ्हायना का? फोन उचलाले एक हात पुरस."

"तसं नाही, निंबाभाऊ. मला वाटलं..."

"हात गया तं गया. आते मन्ही ड्यूटी बी लई लेशी का?"

मी वर्षभर त्यांच्यावर दया करत होतो आणि तिला पश्चात्ताप म्हणत होतो. मला त्यांच्याकडून काही घ्यायचंच नव्हतं, म्हणजे मग त्यांच्याकडे देण्यासारखं काही उरलंय हेही मान्य करायचं नव्हतं. हे मला त्या फाटकाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या रागातून कळलं. मी खुर्चीवरून उठलो. ते बसले, फोन डाव्या हाताशी ओढून घेतला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जाय आते. गाना सुरू व्हई जातीन."

मी चर्चमध्ये पोचलो तेव्हा उपासना अर्धी झाली होती. आमच्याकडे नाताळला साक्षीची वेळ असते. ज्याला वर्षभरातल्या कृपेबद्दल बोलायचं असेल त्यानं उभं राहून बोलायचं. मी त्याआधी कधी उभा राहिलो नव्हतो. त्या दिवशी राहिलो. आई पुढच्या बाकावरून वळून पाहत होती. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, आणि लांबलचक काही सुचलंही नाही.

मी म्हणालो, "निंबाभाऊ सबस्टेशनमध्ये बसले आहेत, म्हणून मी इथं आहे. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी, दोघांसाठी देवाचे आभार."

पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. मग गीत सुरू झालं, आणि मी गायलो.